‘पुढचा साप कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे

जून २०२५च्या आरंभी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, ५ आशियाई लीफ कासवे आणि कोळ्यासारख्या शेपटीचे ३ शृंगी व्हायपर सापडले. सामान कोणी आणले हे बातमीत आले. ते कोणासाठी आणले, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

उत्तराचा धागा त्या तीन सापांतच आहे. कोळ्यासारख्या शेपटीचा हा व्हायपर पश्चिम इराणच्या डोंगराळ भागात आढळतो आणि विज्ञानाने त्याचे स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केले ते २००६मध्ये. शेपटीचे टोक कोळ्यासारखे हलवून तो पक्ष्यांना भुलवतो आणि जवळ आले की पकडतो. पहिल्यांदाच साप पाळू पाहणाऱ्या माणसाला या प्राण्याचे नावही ठाऊक नसते. त्याची ओढ लागते ती जाणकाराला. ज्याने चार प्रजाती पाळून पाहिल्या आहेत आणि ज्याला आता ‘काहीतरी वेगळे’ हवे आहे, त्याला. तस्करीचा दोष उतावळ्या नवशिक्यांच्या माथी मारला जातो, पण दुर्मीळ प्रजातींची बाजारपेठ अनुभवी शौकिनांच्या जिज्ञासेवर उभी असते.

सर्पपालनाच्या छंदात एक अलिखित शिडी आहे. आधी कॉर्न स्नेक, मग बॉल पायथन, मग हिरवा वृक्ष-अजगर किंवा एखादा मोठा बोआ, आणि काहींच्या बाबतीत शेवटी विषारी साप. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असतो: ‘आता पुढची प्रजाती कोणती?’ सल्ला देणारे मग स्वभाव, अंतिम लांबी, तापमान, आर्द्रता, खाद्य आणि किंमत यांचा हिशेब मांडतात. हा हिशेब चुकीचा नाही, पण त्यातला पहिलाच रकाना कोरा असतो. हा विशिष्ट साप जन्मला कुठे, कोणाच्या पोटी, आणि ते सिद्ध कसे करणार? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर अनुभवी पालकाने पुढची प्रजाती निवडूच नये. भारतात आज बहुतेक वेळा ते उत्तर मिळत नाही.

‘बंदिवासात पैदास झालेला’ हे शब्द या व्यवहारात गंगाजलासारखे वापरले जातात. ते शिंपडले की प्राणी पवित्र झाला. या शब्दांची कसोटी घेणारा एक अभ्यास २०११मध्ये ‘बायॉलॉजिकल कॉन्झर्वेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय होता हिरवा वृक्ष-अजगर. पिल्लूपणी पिवळा किंवा तांबडा आणि वाढल्यावर हिरवागार होणारा हा साप जगभरच्या अनुभवी पालकांच्या यादीत नेहमी वर असतो. संशोधकांनी इंडोनेशियातील संकलकांपासून निर्यातदारांपर्यंतची साखळी तपासली, तेव्हा पैदास केंद्रातले म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्राणी प्रत्यक्षात जंगलातून पकडलेले असल्याचे दिसून आले. दरवर्षी अशा रीतीने पकडल्या जाणाऱ्या अजगरांची संख्या पाच हजारांच्या वर होती. म्हणजे युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या प्रामाणिक पालकाने कागद पाहून, पूर्ण किंमत मोजून घेतलेला साप कागदोपत्री केंद्रात जन्मला होता आणि वास्तवात न्यू गिनीच्या परिसरातल्या एखाद्या झाडावर.

या अभ्यासाने सुचवलेला उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे: प्रत्येक पिल्लामागे त्याच्या अंड्याचे कवच जपून पुरावा म्हणून दाखवावे. कागद छापता येतो. अंड्याचे कवच छापता येत नाही.

आता भारताकडे वळू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे देशी साप पाळण्यास मनाई आहे. परदेशी प्रजातींबाबत मात्र दीर्घकाळ पोकळीच होती. जून २०२०मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सूचनापत्र काढले. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी सहा महिन्यांत ते स्वेच्छेने जाहीर केल्यास त्यांच्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. पुढे २०२२च्या दुरुस्तीने कायद्यात साइट्स-सूचीतील प्राण्यांसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची आली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी या प्राण्यांची मालकी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद बंधनकारक केली.

ही प्रगती आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण नोंद कशाची होते ते नीट पाहावे. प्राणी आज कोणाकडे आहे, हे नोंद सांगते. तो मुळात कुठून आला, हे ती सांगत नाही. २०२०च्या सवलतीत जो प्राणी ‘कुठून आणला’ हे न विचारता जाहीर झाला, त्याची पिल्ले आज नोंदणीकृत आईबापांची संतती ठरतात. आणि नोंदणीकृत मादीने सहा अंडी घातली असताना सात पिल्ले नोंदवली गेली, तर ते सातवे पिल्लू कोणाचे, हे संकेतस्थळावरचा अर्ज ओळखू शकत नाही. ते गुणसूत्रांच्या तपासणीने ओळखता येते. हैदराबादच्या सीसीएमबीची वन्यजीव प्रयोगशाळा आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा न्यायवैद्यक तपासण्या करतात, म्हणजे विज्ञान देशात उपलब्ध आहे. नोंदवल्या गेलेल्या जन्मांपैकी काहींची यादृच्छिक निवड करून मातापित्यांशी पडताळणी सुरू केली, तर कागदी पैदासीचा धंदा अवघड होईल.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२३च्या अखेरीस तिरुचिरापल्ली विमानतळावर क्वालालंपूरहून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ४७ अजगर आणि २ सरडे सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेंगळुरू विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानात ५५ बॉल पायथन, १७ नागराज आणि ६ मृत कॅपुचिन माकडे सापडली. हे विकत घेणारे ग्राहक देशातच कुठेतरी बसले असणार, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ‘इथेच पैदास झालेला’ असेच सांगितले जाणार.

बेंगळुरूच्या त्या १७ नागराजांत एक वेगळाच वैज्ञानिक धडा आहे. नागराज तर भारतातही आहे. मग बँकॉकहून आलेल्या नागराजाने काय बिघडणार होते? २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणाने दाखवून दिले की आजवर एक समजली जाणारी ही प्रजाती प्रत्यक्षात चार प्रजाती आहेत आणि पश्चिम घाटातला नागराज त्यांपैकी स्वतंत्र असून त्याला ‘ऑफिओफॅगस कालिंगा’ हे नाव मिळाले आहे. परदेशातून आलेला नागराज निसटला किंवा एखाद्याने दयाबुद्धीने जंगलात सोडला, तर लक्षावधी वर्षांत वेगळ्या झालेल्या दोन वंशरेषा माणसाच्या चुकीमुळे समोरासमोर येतील. सापाचे मूळ विचारणे ही केवळ कायद्याची औपचारिकता नाही. तो उत्क्रांतीच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

नव्या नियमांतली मोठी पोकळी वेगळीच आहे. चौथी अनुसूची साइट्सच्या सूचीवर बेतलेली आहे, आणि ती सूची व्यापारामुळे धोक्यात येऊ शकणाऱ्या प्रजातींची आहे. इतर देशांना धोका ठरू शकणाऱ्या प्रजातींची नव्हे. अमेरिकेतला कॉर्न स्नेक तिच्यात नाही. कॅलिफोर्निया किंगस्नेकही नाही. त्यामुळे हे साप कोणाच्या घरात किती आहेत, याची नोंद ठेवणे या नियमांनुसार बंधनकारक नाही. नेमक्या याच किंगस्नेकने स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर काय केले ते पाहावे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाळीव वंशाचे किंगस्नेक मोकळ्यावर दिसू लागले. बेटावर मुळात एकही देशी साप नव्हता. नंतरच्या अभ्यासात असे आढळले की जिथे हा साप पोहोचला तिथे बेटावरच्या मोठ्या स्थानिक सरड्याची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. तिथे पकडलेल्या सापांत पांढरट-पिवळे, रंगहीन साप बरेच होते. पैदासकारांनी हौसेने जोपासलेला रंगच त्यांच्या मूळ घराची साक्ष देत होता.

‘पण भारत म्हणजे बेट नव्हे’ असा प्रतिवाद केला जातो. अंदमान-निकोबार मात्र बेटेच आहेत. मुख्य भूमीवरचा साधा मोठा बेडूक तिथे पोहोचला आणि आज त्याचे भेकटे स्थानिक बेडकांच्या भेकट्यांना खातात. बेट नसलेल्या फ्लोरिडाचे उदाहरणही समोर आहे. पाळीव व्यापारातून आलेला ब्रह्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत स्थिरावला. २०१२च्या अभ्यासानुसार, अजगर जिथे सर्वाधिक काळ होता त्या भागात रस्त्यावरच्या नोंदींमध्ये रकून ९९.३ टक्क्यांनी, ओपॉसम ९८.९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट ८७.५ टक्क्यांनी घटले होते. अमेरिकेने त्या अजगराच्या आयातीवर बंदी घातली तीही २०१२मध्ये. तोपर्यंत अजगर हटवण्याची वेळ निघून गेली होती.

साप स्वतः निसटला नाही तरी त्याच्याबरोबर आलेले निसटू शकते. ब्रह्मी अजगरांबरोबर आशियातला एक फुप्फुसातील परजीवी फ्लोरिडात गेला आणि तिथल्या देशी सापांच्या फुप्फुसांत आढळू लागला. बोआ आणि अजगरांत ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ नावाचा विषाणूजन्य रोग पसरतो. बाधित बोआ दीर्घकाळ निरोगी दिसू शकतो. चोरट्या मार्गाने बॅगेतून आलेल्या सापाला विलगीकरण नाही, रक्ततपासणी नाही. मग तो ज्या खोलीत जातो त्या खोलीतले पाणी, माती आणि मेलेल्या सापांची विल्हेवाट यांवर कोणाची नजर असते?

विषारी प्रजातींबद्दल तर एकच वस्तुस्थिती पुरेशी आहे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषांपासून बनते. इंडोनेशियन पिट व्हायपर किंवा इराणी शृंगी व्हायपर चावला, तर जिल्हा रुग्णालयात जी कुपी फोडली जाईल ती त्या विषासाठी बनलेली नसेल. एका प्रसिद्ध अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले; वर्षाला सरासरी ५८ हजार. मार्च २०२४मध्ये केंद्राने सर्पदंश-मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. अशा देशात हौस म्हणून, उपचार नसलेले विष घरात आणणे याला साहस म्हणता येत नाही. त्याचा भार पालकाबरोबर त्याच्या घरच्यांवर, शेजाऱ्यांवर आणि रात्रपाळीच्या डॉक्टरवर पडतो.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा की सर्पपालकांनी ज्ञानात खरी भर घातली आहे. हे खरे आहे. अंडी उबवण्याचे तापमान, पिल्लांचे पहिले खाद्य, कात टाकण्यातल्या अडचणी याविषयीची कितीतरी माहिती हौशी पालकांच्या वह्यांतून आली. पण निसर्गविज्ञानाचा एक जुना नियम आहे: स्थळाची चिठ्ठी नसलेला नमुना संग्रहालयात जवळजवळ निरुपयोगी असतो. ज्याचे मूळ ठाऊक नाही अशा, चार प्रदेशांचे रक्त मिसळलेल्या आणि केवळ रंगासाठी निवडलेल्या सापावरून त्या प्रजातीच्या निसर्गातल्या जीवनाबद्दल फारसे काही सांगता येत नाही. रंगांची ही निवड प्राण्यालाही महाग पडते. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ नावाच्या लोकप्रिय रंगप्रकारात डोके डोलते, तोल जातो. त्याच्या अंतःकर्णाच्या रचनेतच दोष आढळला आहे. दोष माहीत असूनही नक्षी सुंदर म्हणून पैदास चालू राहते. याला ज्ञान म्हणणे जड जाते.

दुसरा आक्षेप अधिक भेदक आहे. देशी धामण पाळली तर गुन्हा आणि आफ्रिकेचा अजगर पाळला तर फक्त अर्ज. ही विसंगती नाही का? आहे. आणि ती सामाजिकही आहे. १९७२च्या कायद्याने गारुड्याच्या टोपलीतला नाग काढून घेतला. सर्पकातड्याच्या व्यापारावर बंदी आली तेव्हा तमिळनाडूतल्या इरुळा समाजाचा पिढीजात रोजगार गेला. पुढे सहकारी संस्थेच्या माध्यमातून विष काढून देण्याचे काम उभे राहिले आणि आज देशातल्या प्रतिसर्पविषाचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात त्यांच्या कौशल्यावर अवलंबून आहे. दोन तोंडांचा म्हणून मांडुळाला लाखोंची बोली लावणाऱ्या अंधश्रद्धेवर सुशिक्षित समाज हसतो. मग टोपलीच्या जागी काचेची पेटी आली आणि अंधश्रद्धेच्या जागी ‘दुर्मीळ रंगप्रकार’ आला, की तोच व्यवहार आधुनिक कसा ठरतो? या विसंगतीचा उपाय देशी साप पाळायला परवानगी देणे हा नाही. जो नियम गारुड्याला लागू झाला त्यामागचा विचार शहरातल्या दिवाणखान्यालाही लागू करणे, हा आहे.

तिसरा आक्षेप अनुभवाचा: ‘दहा वर्षे साप सांभाळणाऱ्याला जबाबदारी कळते.’ पण अनुभव प्रजातीगणिक बदलतो. कोरड्या गवताळ प्रदेशातला, दिवसा बिळात लपणारा बॉल पायथन सांभाळता आला, म्हणून दमट अरण्यात फांदीवर वेटोळे घालून राहणारा वृक्ष-अजगर सांभाळता येईलच असे नाही. शिवाय काळाचा हिशेब असतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात सुमारे ६२ वर्षांच्या बॉल पायथन मादीने २०२०मध्ये सात अंडी घातली. त्याआधी कित्येक वर्षे ती नराच्या सहवासात नव्हती. विशीतल्या पालकाने आज आणलेला साप त्याच्या निवृत्तीच्या वयापर्यंत साथ देऊ शकतो. खरा अनुभवी तो, ज्याला हे आधीच दिसते आणि जो पेट्यांची संख्या वाढवण्याऐवजी असलेल्या सापाची पेटी मोठी करतो, त्याला अंग पूर्ण ताणता येईल इतकी जागा देतो.

म्हणून पुढची प्रजाती निवडण्यापूर्वी अनुभवी पालकाने विक्रेत्यापुढे आणि स्वतःपुढे पाच प्रश्न ठेवावेत. या सापाचे आईबाप कोणते, आणि ते तपासणीने सिद्ध करता येईल का? त्या आईबापांचा देशात प्रवेश कोणत्या आयात परवान्याने झाला? निसटला तर इथल्या हवामानात तो जगेल का? चावला किंवा आजारी पडला, तर त्यासाठीचे औषध आणि तो रोग ओळखणारा पशुवैद्य याच शहरात आहे का? आणि पालक स्वतः नसला तर पुढची वीस-तीस वर्षे त्याला कोण सांभाळणार? पाचांपैकी एकाचेही उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर निवड झालेली आहे: पुढचा साप नको.

यात अनुभवाचा अपमान नाही. उलट त्याला योग्य काम मिळते. पावसाळ्यात घराघरांत निघणारे साप ओळखणे, बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांतला फरक शाळेत शिकवणे, सर्पदंशानंतर मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठायला लोकांना तयार करणे, रस्त्यावर मेलेल्या सापांच्या स्थळ-काळासह नोंदी ठेवणे: या प्रत्येक कामाला साप ओळखणारी नजर लागते. अशी नजर असलेली माणसे देशात थोडी आहेत.

शासनापुढची मागणीही स्पष्ट असावी. साइट्सच्या सूचीत असो वा नसो, प्रत्येक परदेशी सरीसृपाची नोंद व्हावी. नोंदवलेल्या जन्मांची गुणसूत्र-पडताळणी व्हावी. आणि ‘हे पाळू नका’ अशा न संपणाऱ्या यादीऐवजी, बेल्जियमने सस्तन प्राण्यांसाठी केली तशी ‘एवढेच पाळता येईल’ अशी छोटी, वैज्ञानिक निकषांवर ठरलेली यादी व्हावी.

तोवर बाजारात नवी प्रजाती येत राहील, तिचे छायाचित्र सुंदर असेल आणि किंमत चढी असेल. आपण ती सांभाळू शकतो, हे जाणकाराला मनातून ठाऊक असेल. तरीही तिचे मूळ कळले नाही म्हणून जो हात मागे घेईल, त्यालाच अनुभवी म्हणावे.